अस्सल, नक्कल आणि वाचणारे यंत्र

इतिहाससंशोधकांच्या जुन्या पिढीत एक तक्रार वारंवार कानी पडत असे: दप्तरे उदंड आहेत, वाचणारा मात्र मिळत नाही. पुण्याच्या पेशवे दप्तरातील कोट्यवधी मोडी कागदांच्या बाबतीत ती आजही खोटी ठरलेली नाही. कागद शाबूत असतो, शाईही फारशी उडालेली नसते. पण चिटणिसी वळण कोणते आणि बिवलकरी कोणते हे ज्याच्या नजरेत मुरले आहे असा माणूस समोर मांडी घालून बसेपर्यंत त्या रुमालांतील मजकूर असून नसल्यासारखाच राहतो. या तक्रारीचे स्मरण मला गेल्या पावसाळ्यात, विद्वानांना अगदीच क्षुल्लक वाटेल अशा एका प्रसंगाने झाले. गळतीच्या भयाने माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली उतरवली, तो तिच्यातून तेवीस व्हिडिओ कॅसेटी निघाल्या. त्यांच्या पाठीवरील चिकटपट्ट्यांवर 'ताईचे लग्न, भाग १', 'मुंज', 'गणपती ८८, पुसू नये' अशा नोंदी बॉलपेनने केलेल्या होत्या, आणि अक्षर वडिलांचे होते. कॅसेटी वाजवणारे यंत्र मात्र घरात नव्हते, शेजारीपाजारी नव्हते, आणि ज्या गल्लीत एके काळी व्हिडिओ लायब्ररीच्या तीन पाट्या झळकत होत्या त्या गल्लीत आता मोबाईलच्या फुटक्या काचा बदलून मिळत होत्या.

या फिती संगणकावर उतरवून घ्याव्यात असे घरच्या तरुण मंडळींनी सुचवले आणि त्यासाठी कोणते यंत्र घ्यावे याची चौकशी मजकडे सोपवली. प्रश्न वरकरणी बाजारहाटाचा दिसतो. पण त्याच्या उत्तरामागे लागलेल्या माणसाला नकळत चित्रफितीच्या सत्तर वर्षांच्या इतिहासात शिरावे लागते, कारण ही वस्तू कोणी, कशासाठी आणि किती काटकसरीने घडवली हे कळल्यावाचून तिच्यावरचा लेख आज कसा वाचावा हे उमगत नाही.

मूळ गरज घड्याळाची होती. अमेरिकेच्या पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांच्या वेळेत तीन तासांचे अंतर असल्याने न्यूयॉर्कची सायंकाळची बातमी लॉस एंजेलिसला ऐन दुपारी जाऊन पोचे. तेव्हा दूरचित्रवाणीच्या पडद्यासमोर चित्रपटाचा कॅमेरा लावून फिल्म उतरवायची, ती घाईघाईने धुऊन काढायची आणि तीन तासांनी दाखवायची, असा द्राविडी प्राणायाम तेथे नित्य चालत असे. कॅलिफोर्नियातील अँपेक्स कंपनीने १४ एप्रिल १९५६ रोजी शिकागोच्या प्रक्षेपकांच्या संमेलनात आपले फीतयंत्र प्रथम चालवून दाखवले. चार्ल्स गिन्सबर्ग यांच्या नेतृत्वाखाली ते सिद्ध करणाऱ्या मूठभर लोकांत, पुढे ध्वनीतील खरखर काढण्याच्या युक्तीमुळे ज्यांचे नाव घरोघरी पोचले ते रे डॉल्बीही होते. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला सीबीएसने आपले सायंकालीन वार्तापत्र पश्चिम किनाऱ्यासाठी या फितीवरून पुनःप्रक्षेपित केले आणि फिल्म धुण्याची यातायात संपुष्टात येऊ लागली. यंत्राची किंमत सुमारे ५०,००० डॉलर होती आणि फीत दोन इंच रुंद होती.

यातील खरी अडचण वेगाची होती आणि आजच्या खरेदीची सारी गुंतागुंतही तिच्याच पोटी जन्मली आहे. ध्वनिमुद्रणात फीत एका स्थिर हेडवरून संथपणे सरकली तरी भागते. चित्राच्या सिग्नलातील कंपने मात्र ध्वनीच्या शेकडो पट असतात, आणि ती तशाच रीतीने टिपायची म्हटले तर फीत इतक्या वेगाने ओढावी लागेल की भले मोठे रीळ काही मिनिटांत रिकामे होईल. म्हणून फितीला पळवण्याऐवजी हेडलाच गरगर फिरवावे ही कल्पना निघाली. अँपेक्सच्या यंत्रात चार हेडे मिनिटाला १४,४०० फेऱ्या घेत फितीवर आडव्या रेघा ओढीत असत. पुढच्या यंत्रांत फीत एका कलत्या ड्रमला वेढा घालून जाऊ लागली आणि रेघा तिरक्या झाल्या. चित्रफीत म्हणजे अशा असंख्य तिरक्या ओळींची पोथी होय, आणि ती वाचणाऱ्याला ओळ नेमकी त्याच कलाने व त्याच चालीने वाचता आली पाहिजे.

फीत महाग होती, परंतु पुसून पुन्हा वापरता येत होती. हे दोन गुण एकत्र आले म्हणजे हिशेबनीस कारकुनाचा हात पुसण्याकडेच वळायचा. बीबीसीने १९६० आणि १९७० च्या दशकांत आपल्या कार्यक्रमांच्या फिती सर्रास पुसल्या, आणि 'डॉक्टर हू' या तिकडच्या अतिलोकप्रिय मालिकेचे शंभराच्या घरातले भाग त्यामुळे आजही मूळ चित्ररूपात सापडत नाहीत. माझ्या वडिलांना ही कथा ठाऊक असण्याचे कारण नव्हते. तरीही 'पुसू नये' ही ताकीद त्यांना लिहावीशी वाटली, कारण घरात कोरी कॅसेट शिल्लक नसली आणि रविवारचा चित्रपट उतरवायचा असला म्हणजे कोणाच्या लग्नावर गदा येईल याचा नेम नसे.

फितीला घरगुती रूप जपानने दिले. सोनीचे बीटामॅक्स १९७५ साली आले, जेव्हीसीचे व्हीएचएस १९७६ साली; त्या दोघांतील झुंजीची कथा इतक्यांनी इतक्या वेळा सांगितली आहे की येथे तिला रजा देणेच इष्ट. आपल्या कामाची गोष्ट आहे ती व्हीएचएसची काटकसर. फितीची रुंदी १२.६५ मिलिमीटर. आपल्याकडील पाल पद्धतीत ती सेकंदाला अवघी २३.३९ मिलिमीटर सरकते, म्हणजे जवळजवळ मुंगीच्या चालीने. आणि ६२ मिलिमीटर व्यासाच्या ड्रमवर समोरासमोर बसवलेली दोन हेडे सेकंदाला २५ फेऱ्या घेत तिच्यावर सुमारे ४९ मायक्रॉन रुंदीच्या, म्हणजे माणसाच्या केसाहून जाड नसलेल्या रेघा ओढत जातात. तीन तासांचा मजकूर सुमारे २५० मीटर फितीत बसवायचा तर बारीक तपशील गाळावा लागतो आणि रंग एका खालच्या कंपनपट्टीत दडपून ठेवावा लागतो. म्हणूनच व्हीएचएसचे चित्र दुलईतून पाहिल्यासारखे मऊ दिसते, आणि जे मुळात टिपलेच गेले नाही ते कोणत्याही महागड्या यंत्राने आज परत येत नाही, हे ग्राहकाने आरंभीच मनाशी पक्के करावे.

आपल्या मुलखात ही वस्तू कशी आली ते मात्र सावकाश सांगण्यासारखे आहे. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. रंग १९८२ साली, नवी दिल्लीच्या एशियाडच्या वर्षी आला. आणि त्याच सुमारास आखाती देशांत कामाला गेलेल्या रत्नागिरी-रायगडकडील मंडळींच्या सामानातून, विमानतळावर जकात भरून किंवा चुकवून, व्हीसीआर नावाचे जड खोके कोकणातल्या कौलारू घरांपर्यंत जाऊन पोचले. मध्यमवर्गीय नोकरदाराला ते विकत घेणे म्हणजे कित्येक महिन्यांच्या पगारावर पाणी सोडणे. त्यातून भाड्याची वहिवाट पडली. चाळीत वर्गणी निघे. संध्याकाळी टेम्पोतून रंगीत दूरचित्रवाणी संच, व्हीसीआर आणि तो चालवणारा एक पोरगा असा लवाजमा येई. आणि जेवणे आटोपल्यावर सुरू झालेली चित्रपटांची माळ पहाटेच्या नळाला पाणी येईपर्यंत संपत नसे. तिसऱ्या चित्रपटाच्या मध्यावर चित्र फाटू लागले की तो पोरगा 'ट्रॅकिंग' नावाची चकती फिरवी, तेवढ्याने भागले नाही तर झाकण उघडून ड्रम पुसून घेई, आणि सारी चाळ त्याच्याकडे शस्त्रवैद्याकडे पाहावे तशी पाहत राही.

चित्रपट-व्यावसायिकांनी या प्रकाराविरुद्ध ओरड केली ती अकारण नव्हती. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यात १९८४ साली दुरुस्ती होऊन व्हिडिओ फिल्मला चित्रपटाच्या व्याख्येत जागा मिळाली, चोरट्या नकलांच्या शिक्षा वाढल्या, आणि कॅसेटीवर निर्मात्याचे नाव-पत्ता व सेन्सॉरच्या दाखल्याची नक्कल दाखवणे बंधनकारक झाले. कायद्याचा अंमल व्हायचा तेवढाच झाला. परंतु या भाड्याच्या धंद्याच्याच सावलीत दुसरा एक धंदा वाढला, आणि आज माळ्यावरून उतरणाऱ्या बहुसंख्य कॅसेटी त्याच्याच आहेत. तो म्हणजे लग्नाच्या शूटिंगचा.

खांद्यावर भलाथोरला कॅमेरा घेतलेला शूटिंगवाला, त्याच्या मागे हॅलोजनचा दिवा उंच धरून घाम पुसणारा मुलगा, आणि त्या दोघांना जखडणारी, पंगतीतल्या पाहुण्यांच्या पायांत अडकणारी काळी वायर, हे दृश्य १९८५ नंतरच्या मंगल कार्यालयांत सनई-चौघड्याइतके नित्याचे झाले. दिव्याच्या झोतात वधूचे डोळे दिपत आणि भटजींचा मंत्र चुके. माळ घालण्याचा विधी 'जरा परत एकदा' करायला लावणारा हा नवा पुरोहित, गुरुजींच्या दक्षिणेहून अधिक रक्कम घेऊन जाई. नंतर 'मिक्सिंग' होई. त्यात बदामाच्या आकारात वर, कमळाच्या पाकळीत वधू, आणि पार्श्वभागी त्या वर्षीच्या चित्रपटातले गीत. घरी जी कॅसेट येई ती या मिक्सिंगची नक्कल असे, पुष्कळदा नकलेची नक्कल. अस्सल फीत शूटिंगवाल्याकडेच राही आणि पुढच्या मुहूर्तावर दुसऱ्या कोणाच्या तरी अंतरपाटाखाली पुसली जाई. चुंबकीय फितीच्या प्रत्येक नकलेत चित्र थोडे अधिक पुसट होते आणि रंग कडेबाहेर थोडा अधिक ओघळतो. ताईच्या लग्नातील हिरवा शालू जो काठाबाहेर सांडलेला दिसतो, त्याचा दोष शालूकडे नाही.

आणखी एक वर्ग विसरता कामा नये. अमेरिकेत स्थायिक झालेले नातलग तिकडच्या डोहाळजेवणाच्या आणि बारशाच्या कॅसेटी मोठ्या हौसेने धाडत, आणि इकडच्या यंत्रात घातल्या की त्या गुंडाळ्या होऊन फिरत किंवा काळ्या-पांढऱ्या दिसत. कारण तिकडची पद्धत ५२५ रेषांची एनटीएससी, आपली ६२५ रेषांची पाल. आजीने नातवाचे तोंड त्या थरथरत्या पट्ट्यांतून कल्पनेनेच पाहिले. आज यंत्र घेताना ते दोन्ही पद्धती खरोखर वाचते, की एनटीएससीला पालचे सोंग देऊन दाखवते, हे विचारून घेणे त्यामुळेच अगत्याचे असते. दूरचित्रवाणीच्या पडद्याला ते सोंग चालत असे, संगणकाला बहुधा चालत नाही.

आता माझ्या फजितीचा मजकूर. मी प्रथम सगळ्यांत स्वस्त मार्ग धरला. एका दुकानातून अंगठ्याएवढे, एका टोकाला तीन रंगांच्या पिना आणि दुसऱ्या टोकाला यूएसबी असलेले खेळणे आणले, जुन्या बाजारातून एक व्हीसीआर पैदा केला आणि 'ताईचे लग्न, भाग १' लावले. पहिली पाच मिनिटे सारे यथास्थित. पुढे मात्र चित्र आणि ध्वनी यांची फारकत होऊ लागली, आणि मंगलाष्टके आली तेव्हा पडद्यावर अक्षता आधी पडल्या, पाहुणे टाळ्या वाजवून जेवायला उठले, आणि 'सावधान' मागाहून ऐकू आले. ताई हसून लोटपोट झाली; मेहुण्यांना तो शकुन उशिरा कळल्याचे दुःख झाले.

या फारकतीचे कारण मला बुधवार पेठेतल्या एका मेकॅनिकने उलगडून सांगितले. गेली तीसेक वर्षे तो हीच यंत्रे उघडतो आहे. "काका, फीत म्हातारी झाली की तिची चाल बिघडते," तो म्हणाला, "टीव्हीला ते चालायचं, तो सांभाळून घ्यायचा. तुमचं ते खेळणं अडलं की फ्रेम टाकून देतं." म्हणजे असे की लेझीमच्या पथकात एखादा गडी पाऊल चुकला तर हलगीवाला क्षणभर थांबून त्याला सामावून घेतो, पण शिरगणती करणारा सरकारी कारकून रांगेत नसलेल्याला सरळ गैरहजर लावतो. ताणलेल्या, आखडलेल्या फितीवरून प्रत्येक रेषा नेमक्या वेळी येत नाही. काही किंचित आधी येतात, काही मागाहून. त्या रेषा क्षणभर अडवून, साठवून, हलगीच्या ठेक्यावर पुन्हा सोडणारे उपकरण म्हणजे टाइम बेस करेक्टर. १९७३ च्या सुमारास दूरचित्रवाणी केंद्रांसाठी त्याची अंकीय आवृत्ती प्रथम बाजारात आली तेव्हा ते खोलीतल्या कपाटाचा खण अडवीत असे. पुढे ते जेव्हीसी आणि पॅनासॉनिकच्या उंची एस-व्हीएचएस यंत्रांच्या पोटात जाऊन बसले. कॅसेटी जिवंत करायच्या असतील तर पैसा प्रथम तेथे घालावा, खेळण्यात नव्हे, असा त्याचा सल्ला होता आणि अनुभवाअंती मला तो अव्वल दर्जाचा वाटतो.

एस-व्हीएचएस यंत्राचा आग्रह धरण्याला दुसरेही कारण आहे. साध्या व्हीएचएस फितीवर उजेड आणि रंग ही दोन अंगे वेगवेगळी लिहिलेली असतात. साधा व्हीसीआर त्या दोघांना पुन्हा एकाच पिवळ्या पिनेतून बाहेर काढतो आणि पुढच्या यंत्राला ती पुन्हा वेगळी करावी लागतात, ज्यात दोहोंची झीज होते. एस-व्हिडिओचे खोबणीदार टोक असलेले यंत्र त्यांना वेगळेच ठेवते. फरक डोळ्यांना दिसतो: ताईच्या नथीच्या मोत्यांवर आधी रंगीत ठिपके नाचत होते, ते गेले.

तथापि सगळ्यांत उत्तम यंत्र प्रत्येक फितीला मानवतेच असे नाही, ही गोष्ट मला मोडी वाचकांची आठवण करून देणारी ठरली. मुंजीची कॅसेट त्या उंची यंत्रात ठेवली तर चित्र मधोमध दुभंगले. मेकॅनिकने ती काढून एका खरचटलेल्या, झाकणही नसलेल्या जुन्या यंत्रात घातली आणि बटू स्वच्छ दिसू लागला. ज्या कॅमेऱ्याने ती टिपली त्याचे हेड मुळातच किंचित वाकडे बसलेले असावे, आणि या भंगाराचेही नेमके तितकेच वाकडे. कारकुनाचे वळण ज्याच्या वळणाशी जुळते त्यानेच त्याचा कागद वाचावा. म्हणूनच हे काम जाणणारे एका यंत्रावर विसंबत नाहीत. दोन-तीन ठेवतात, आणि बुरशी लागलेल्या फितींसाठी एक निराळे, कारण कोकणात वा मुंबईत पावसाळे काढलेल्या कॅसेटीच्या रिळाच्या कडेला जे पांढरे तंतू दिसतात ते एकदा ड्रमला लागले की पुढच्या निरोगी कॅसेटीलाही लागतात.

त्याच्या टेबलापाशी मी एक तास बसलो. झाकण काढलेल्या यंत्रात आरशासारखा चकचकीत ड्रम, त्याच्या कडेला नखाच्या टोकाएवढे हेड; तो चामड्याचा मऊ तुकडा आयसोप्रोपाइल अल्कोहोलात भिजवून ड्रमला टेकवी आणि तुकडा स्थिर धरून ड्रम बोटाने फिरवी. "उभं पुसलं की हेड तुटलं," एवढे एकच वाक्य त्या तासात तो बोलला. तुकडा बाहेर आला तेव्हा त्यावर तपकिरी रेघ उमटली होती. ती फितीवरून खरवडलेली लोहभस्माची भुकटी, म्हणजे कोणाच्या तरी संसाराचा अंशच.

असली यंत्रे आता होत नाहीत. जेव्हीसीने स्वतंत्र व्हीसीआर करणे २००८ साली थांबवले. फुनाई या शेवटच्या जपानी उत्पादकाने जुलै २०१६ मध्ये. सोनीने बीटामॅक्सच्या कोऱ्या कॅसेटीही मार्च २०१६ पर्यंतच विकल्या. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट व ध्वनी संग्रहालयाने इशारा दिला होता की चुंबकीय फितींसाठी २०२५ ही जवळजवळ अखेरची मुदत समजावी, कारण तोवर चालती यंत्रे आणि ती दुरुस्त करणारे हात दोन्ही विरळ होतील. ती मुदतही उलटली. बाजारात जुन्या यंत्राची किंमत म्हणूनच विचित्र झाली आहे: जे दहा वर्षांपूर्वी भंगारवाला फुकट नेत होता, त्यासाठी आता लोक परदेशातून वाहणावळ भरतात.

नक्कल कोणत्या रूपात ठेवावी यावर तज्ज्ञांत वाद आहेत, आणि त्यात फार शिरणे मला जमणार नाही. डीव्ही पद्धतीत तासाला सुमारे १३ गीगाबाइट जागा लागते आणि थोडी झीज होते. झीजरहित एफएफव्ही१ पद्धत ग्रंथालये आणि अभिलेखागारे पसंत करतात, तिला जागा त्याच्या काही पट लागते. ज्यांच्याजवळ आठ मिलिमीटरच्या लहान कॅसेटी असतील त्यांनी १९९९ नंतरचा, जुन्या फितीही वाचणारा डिजिटल-८ कॅमेरा मिळतो का पाहावे. तो स्वतःच आकडी चित्र बाहेर काढतो आणि अर्धी खटपट वाचते. अलीकडे काही उद्योगी मंडळींनी यंत्राच्या हेडवरूनच कच्चे कंपन उचलून त्याचे चित्र संगणकाकडून घडवण्याची युक्ती काढली आहे. अशा रीतीने वाचण्याचे सगळे काम गणिताकडे जाते आणि हेड व ड्रम यांवाचून यंत्राचा उरलेला भाग निरुपयोगी ठरतो. शिस्तीला एक गोष्ट मात्र पेशवाईतल्याइतकीच जरूर आहे: नक्कल झाली की ती अस्सलाशी ताडून पाहावी, दोन जागी ठेवावी आणि मधून मधून रुजू घालावी. संगणकात त्यासाठी चेकसम नावाचा आकडा असतो. जुन्या कारकुनाच्या 'रुजू' या शेऱ्याचाच तो वंशज समजावा.

शेवटी 'गणपती ८८, पुसू नये' ही कॅसेट लावली. मामेभावाने मस्कतहून आणलेल्या कॅमेऱ्यातून टिपलेली आरती होती. आई घंटा वाजवत होती, वडील मागे उभे राहून कॅमेऱ्याकडे पाहायचे नाही असा निश्चय केल्यासारखे पाहत होते, आणि चित्राच्या तळाशी, जुन्या संचाच्या चौकटीत जी कधी दिसत नसे, ती फाटकी थरथरणारी पट्टी दिसत होती. विसर्जनाला निघताना कॅमेरा बंद झाला. पडद्यावर मुंग्या आल्या. मी यंत्र थांबवायला सांगणार तोच मुंग्यांतून खाली दडलेले काही वर आले: दूरदर्शनचे मराठी बातमीपत्र, कोकणात मुसळधार पावसाचा इशारा, आणि मग एका नाटकाचा मध्यापासून सुरू झालेला, नऊ-दहा मिनिटांत पुन्हा तुटलेला अंक. हे आरतीच्या आधीचे होते. वडिलांनी ते उतरवून ठेवले होते आणि गणपतीसाठी कोरी कॅसेट न मिळाल्याने आम्हीच त्यावर आरती चढवली होती. चिकटपट्टीकडे पुन्हा पाहिले तेव्हा ध्यानात आले की 'पुसू नये' हे शब्द 'गणपती ८८'च्या शाईत नाहीत, जुन्या, फिकट शाईत आहेत.

"काका, हे मागचं कापू ना? लग्न-मुंजीत लोक कापायला सांगतात," मेकॅनिकने विचारले.

"नको," मी म्हटले, "सगळं उतरव. मुंग्यांसकट."